वडिलांना शुगर आहे, आई-वडील हजला निघालेत. ऊन आणि गर्दीत काय काळजी घ्यावी?

वडील 68 चे, आई 63 ची, आणि वडील म्हणतात, ‘आपण भुसावळचं ऊन काढलेली माणसं, आपल्याला काय होतंय’, असं तुम्ही लिहिलंय. माझे अब्बाही अगदी हेच म्हणाले होते. आम्ही चोपड्याचे. त्यांनाही शुगर आहे. 2024 च्या हजला मी त्यांच्यासोबत होतो. त्या वर्षी मक्केत पारा 51 च्या वर गेला आणि 1,300 हून जास्त हाजी दगावले. त्यातले बहुतेक विनापरवाना गेलेले होते, म्हणजे ना गार तंबू, ना बस. म्हणून रीतसर परवान्यावर जाणं ही पहिली काळजी.

आपल्याकडे मे महिन्यात डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. तिथे एहराममध्ये, म्हणजे हजच्या बिनशिवणीच्या पांढऱ्या कपड्यांत, पुरुषाला डोकं झाकता येत नाही आणि चालावं लागतं ते नेमकं भर उन्हात. छत्री मात्र चालते, ती डोक्याला टेकत नाही. फिकट रंगाची, इथूनच न्या.

पण सगळ्यात महत्त्वाचं सांगतो: ताकद त्या पाच-सहा दिवसांसाठी राखून ठेवायला लावा. मुक्काम महिनाभराहून जास्त असला तरी हज असतो 8 ते 12-13 जिलहिज्जाचा, म्हणजे इस्लामी वर्षाच्या शेवटच्या महिन्यातला. त्याआधी लोक मक्केच्या वेशीवरच्या आयेशा मशिदीत जाऊन एहराम बांधतात आणि उमऱ्यावर उमरे करतात. उमरा म्हणजे हजखेरीजची छोटी यात्रा: काबाभोवती तवाफचे सात फेरे, मग सफा-मरवा या दोन टेकड्यांमधले सात, त्याला सई म्हणतात. नुसती सईच तीन किलोमीटरच्या वर होते. अब्बांनी नऊ दिवसांत सहा उमरे केले. हज सुरू करायला मिनाच्या तंबूंकडे निघायच्या आदल्या रात्री ताप भरला आणि अरफातच्या मैदानातली, हजची मुख्य दुपार त्यांनी तंबूत पडून काढली. ज्या दुपारसाठी माणूस आयुष्यभर पैसे साठवतो, ती दुपार. मला अजून रुखरुख आहे, मी त्यांना अडवायला हवं होतं.

दुसरी गोष्ट पायांची. एका जोहरनंतर, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर, हरमबाहेर (काबाच्या मशिदीबाहेर) अब्बांची चप्पल सापडेना. बसपर्यंत शंभर-दीडशे पावलं ते डांबरावरून अनवाणी आले आणि एक शब्द बोलले नाहीत. रात्री पाय पुसताना पाहिलं तर दोन्ही तळव्यांना रुपयाएवढे फोड. शुगरमुळे पायाची जाणीव गेलेली असली तर चटका कळतच नाही. चप्पल कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची, दुसरा जोड जवळ ठेवायचा, आणि रोज रात्री तळवे कुणीतरी उजेडात बघायचे. हे काम आईकडे द्या.

गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन असेल तर उन्हात राहू देऊ नका. एवढं चालल्यावर शुगर एकदम उतरते, म्हणून खजूर खिशात हवाच. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं, दिवसातून एखाद-दोनदा ओआरएस. कुणी असंबद्ध बोलू लागलं आणि अंग तापलेलं असलं, तर तो उन्हाचा झटका समजा: सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 997 ला (तिथली रुग्णवाहिका) फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

मेंदूज्वराची लस सक्तीची आहे, निदान 10 दिवस आधी घेतलेली हवी. या वयात फ्लूचीही घ्या. खोकला तिथे जवळपास सगळ्यांनाच होतो, मास्क न्या. उंटांपासून लांब राहायचं, उंटिणीचं कच्चं दूध प्यायचं नाही. हजमधलं मुंडण परवाना असलेल्या न्हाव्याकडेच, नव्या ब्लेडने.

गर्दीत हातातलं काही पडलं तर वाकायचं नाही, मग ती तसबीह (जपमाळ) असो की मोबाईल. लोंढ्याच्या उलट जायचं नाही. बाहेर पडायचं तर लोंढ्याबरोबर चालत तिरकं कडेला सरकायचं. काबाच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडाला, हजरे अस्वदला, लांबून हात केला तरी चालतं, चुंबनासाठी घुसू देऊ नका. जमरातला, म्हणजे सैतानाला खडे मारायच्या जागी, आपल्या गटाला दिलेल्या वेळीच निघायचं. झेपत नसेल तर कंकऱ्या मारायला दुसऱ्याला सांगता येतं. वडिलांना हे मौलानांच्या तोंडून ऐकवा, तुमचं ते ऐकणार नाहीत.

आणि चालण्याचा सराव आजच सुरू करा. फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर अर्धा तास, मग हळूहळू वाढवत दीड तास, तिथे नेणार त्याच चपला घालून.