शून्याचा रकाना कुठे गेला?

पोरी,

एका टकरीतून किती विद्युतभारित कण निघतात, त्याचा तुझा आलेख रात्री बघितला. दोन निगेटिव्ह बायनॉमियलची, म्हणजे पसरट संभाव्यता-सूत्रांची, बेरीज, पाच पॅरामीटर, रेघ सगळ्या ठिपक्यांमधून अलगद गेलेली, रिड्यूस्ड काय-स्क्वेअर, जो एकच्या आसपास असायला हवा, तो ०.३. आणि खाली प्रश्न: ‘टकरी दोन तऱ्हेच्या असतात असं लिहू का?’ अगं, ०.३ बघून तुला धास्ती नाही वाटली? अनफोल्डिंगनंतर, म्हणजे डिटेक्टरने केलेली सरमिसळ सोडवल्यावर, शेजारचे रकाने एकमेकांचा हात धरून हलतात आणि तू प्रत्येकाचा एरर बार सुटा धरलास. हे एकवेळ दुरुस्त होईल. पण आलेख १ पासून का सुरू होतो? शून्य कुठे आहे?

‘तिथे ट्रिगर, टकर झाली हे ओळखणारी यंत्रणा, नीट चालत नाही,’ म्हणशील. मीही तेच म्हणालो होतो. सरासरी ६ आणि पसरण ठरवणारा k २ घे. निगेटिव्ह बायनॉमियल म्हणतं, दर सोळा टकरींत एक रिकामी. तीच सरासरी पॉयसनला, प्रत्येक कण स्वतंत्र निघतो असं धरणाऱ्या सूत्राला, दिलीस तर चारशेत एक. एवढं बोलणारा साक्षीदार तू कोर्टाबाहेर बसवलास!

तुझ्या वयाचा असताना मी शून्य टाकलं आणि k दोन दशांशांपर्यंत छापला. सहा महिन्यांनी एका सहकाऱ्याने शून्य परत घातलं, k माझ्या एररच्या तिप्पट सरकला. मग मी चारशे इव्हेंट, म्हणजे टकरींच्या नोंदी, एकेक करून पडद्यावर बघितले. एकात दोन ट्रॅक, कणांच्या वाटा, जुळ्यांसारखे चिकटून निघालेले. कण ज्या नळीतून धावतात त्या बीमपाइपच्या भिंतीत फोटॉनचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन झाले होते, आणि थेट टकरीतून निघालेले नसूनही माझ्या खात्यात ते २ म्हणून जमा. त्यात दीड वर्ष गेलं. बरोबरीचे पुढे गेले, मला अडेलतट्टू म्हणू लागले. म्हणोत. त्यानंतर माझा एकही आकडा मागे घ्यावा लागला नाही... हे तुला का सांगतोय कोण जाणे, पण सांगतोय.

सुंदर रेघेची भुरळ मोठमोठ्यांना पडली आहे. १९७२ साली कोबा, नील्सन, ओलेसन हे सिद्धान्तवाले म्हणाले, कणसंख्येला सरासरीने भागा, सगळ्या ऊर्जांचे आलेख एकच होतील. सर्न प्रयोगशाळेतल्या आयएसआर या टक्करयंत्राच्या ६२ जीईव्ही ऊर्जेपर्यंत ते बऱ्यापैकी टिकलं. सर्नमध्येच यूए५ प्रयोगाने ५४० जीईव्हीला मोजलं, शेपूट लांबलेली निघाली. मग निगेटिव्ह बायनॉमियल छान बसली, तर ९०० जीईव्हीला आलेखाच्या उतारावर फुगवटा, खांदा फुटला. तुझी दुसरी बायनॉमियल त्या खांद्यासाठीच आहे ना? पण खांदा दिसण्याआधी कुणीतरी रकाने नीट मोजले होते. आधी मोज. फिट पळून जात नाही.

सोमवारपर्यंत शून्य घालून, पूर्ण कोव्हेरियन्स मॅट्रिक्स, रकाने एकमेकांबरोबर किती हलतात त्याचा तक्ता, वापरून आलेख पाठव. शून्याचा एरर बार हातभर आला तरी लपवू नकोस. मला स्वतःला दोन तऱ्हा पटतात, एक मऊ, हलक्या धक्क्याची, आणि एक मिनीजेटवाली, कणांचे छोटे झोत निघणारी. पण ते तुझ्या प्रबंधात घालायचं कारण नाही. आणि रात्री दोनला मेल पाठवणं बंद कर, मी जागाच असतो.

— सर