बेंगाल मांजर, आफ्रिकन ग्रे आणि इंग्लंडचे कागद

पुण्याहून रेडिंगला येताना घरचं बेंगाल मांजर आणि आफ्रिकन ग्रे पोपट आणता येईल का, आणि इथे आल्यावर सव्हाना मांजर पाळता येईल का, असं तुम्ही विचारलंत. मांजर येईल. पोपटाचं अवघड आहे. सव्हाना कितव्या पिढीची, त्यावर ठरेल.

आधी ब्रीडरला गाठा आणि वंशावळीचा कागद मागा. बेंगालच्या मुळाशी रानातलं बिबटमांजर, सव्हानाच्या मुळाशी आफ्रिकेतला सर्व्हल नावाचा रानमांजराचा प्रकार. पहिल्या पिढीच्या, म्हणजे एफ-१ मांजराला इथे १९७६च्या डेंजरस वाइल्ड ॲनिमल्स कायद्याखाली काउन्सिलचं लायसन्स लागतं. व्हेट येऊन जागा तपासतो, विमा काढावा लागतो, दोन वर्षांनी पुन्हा तेच. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून या फंदात पडूच नका. एफ-२ पासून लायसन्स नको. पण लोक गाफील राहतात ते इथेच! साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या हिशेबात रानटी पूर्वज मागच्या चार पिढ्यांत असेल तर ते मांजर वन्यप्राण्यांतच मोडतं. मग भारताचं निर्यात परमिट आणि इथलं आयात परमिट, दोन्ही हवीत. एफ-५ किंवा पुढचं असल्याचा पक्का कागद असेल तर यातून सुटका. ब्रीडरचं व्हॉट्सॲपवरचं ‘एकदम लांबची पिढी आहे सर’ कस्टम्सवाले ऐकून घेत नाहीत.

रेबीजचं काम व्हिसाची वाट न बघता सुरू करा. आधी मायक्रोचिप, मग लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. क्रम चुकला तर सगळं पहिल्यापासून, नाहीतर इथे उतरल्यावर क्वारंटाइन, तेही तुमच्या खर्चाने.

आता पोपट. आफ्रिकन ग्रे २०१७ पासून साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे, म्हणजे इथेही दोन्हीकडची परमिटं. शिवाय २०२४च्या नियमांप्रमाणे भारतात त्याची पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद झालेली हवी. ती नसेल तर निर्यातीचं नावच काढू नका. (आपल्याकडचा हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं भारतात गुन्हा आहे, आणि लंडनच्या बागांत त्याचे थवेच्या थवे मोकाट फिरतात.) माझं ऐकाल तर ग्रेला भावाकडे किंवा मावशीकडे ठेवा. मात्र निघण्याआधी पोर्टलवर त्यांच्या नावावर करून द्या, नाहीतर वनखात्याची नोटीस तुमच्या नावाने पुण्यात आणि तुम्ही इथे.