‘बाळसं आहे, उंचीत जिरेल’

"मॅडम, हे बाळसंच आहे ना? उंची वाढली की जिरेल?" जळगावात आहार समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. हे कुटुंब यावलकडचं, केळीवालं (ओळखीचे तपशील बदलले आहेत). मुलगा 11 वर्षांचा, उंची 142 सें.मी., वजन 58 किलो, कमरेचा घेर 84 सें.मी. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, म्हणजे इथे 71 च्या आत. मी टेप गुंडाळत होते तेवढ्यात आजी कडाडल्या, "खातापिता पोर्‍या शे मना, त्याले नजर नका लावा!"

त्याला आणलं होतं ते शाळेत पोरं चिडवतात म्हणून. रक्तदाबाचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. डॉक्टरांनी दंडाला नीट बसेल असा मोठा पट्टा लावला (लहान पट्ट्याने आकडा उगाच फुगतो) आणि तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं. दर वेळी 124/82 च्या आसपास. या वयाला हा जास्तच.

"पण हार्टचं तर चाळिशीनंतर ना?" वडील म्हणाले.

त्रास तेव्हा होतो, सुरुवात आधीच झालेली असते. अमेरिकेत लुइझियानातल्या बोगालुसा गावी 1970 च्या दशकापासून मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. त्यात अकाली दगावलेल्या मुला-तरुणांच्या रक्तवाहिन्या तपासल्या, तर आतून चरबीचे पट्टे दिसले. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांत ते अधिक होते. शिवाय वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. हे सांगत होते तर वडीलच म्हणाले, "ठिबकच्या नळीसारखं. क्षार पहिल्या वर्षापासून बसतो, झाड सुकायला लागलं की कळतं." मी हेच म्हटलं असतं तर पुस्तकी वाटलं असतं.

मग मी त्यांना दिलाशाची बाजूही सांगितली. लहानपणी जाड असलेल्या, पण मोठेपणी वजन आटोक्यात आलेल्या माणसांचा धोका कधीच जाड नसलेल्यांच्या जवळपास येतो.

आठवडाभराची वही लिहून आणायला सांगितली. आजीची कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी निर्दोष सुटली. सापडलं ते दुसरंच: उन्हातून आलं की थंड पेयाची बाटली, दुपारी केळी वेफर्स, शिकवणीला जाताना शेवेची पुडी, साडेअकरापर्यंत मोबाइल. शाळा, शिकवणी दोन्हीकडे गाडीने.

उपाशी ठेवायचं नाही, हे मी दोनदा बजावलं. वाढत्या वयात वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली तरी पुष्कळ. बाटलीऐवजी माठातलं पाणी किंवा बिनसाखरेचं ताक. ऊन उतरलं की तासभर खेळ. त्याने कबड्डी निवडली, डॉक्टरांनी होकार दिला. आणि त्याच्या एकट्यासाठी वेगळं ताट नको, सगळ्या घराचं एकच. याला सर्वांत जास्त विरोध वडिलांचा झाला.

सहा महिन्यांनी उंची 145, वजन 57, रक्तदाब 112/72. शेवभाजी आता फक्त रविवारी होते, आणि त्याबद्दल आजी माझ्याशी अजून धड बोलत नाहीत.