बिस्किटांच्या डब्यातल्या पावत्या

ताई, पुढच्या महिन्यात आईची वर्षाची मिस्सा आहे, म्हणजे तिच्या पहिल्या पुण्यतिथीची चर्चमधली उपासना. आम्ही वसईचे. वडील 1994 साली गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. मोगरा आणि पानवेलीच्या जिवावर आईने आम्हा तिघांना वाढवलं. दुसरं लग्न केलं नाही. सकाळची मिस्सा आणि रात्रीची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कधी चुकवली नाही. मी हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा ती दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. पुढे बोलू लागली, पण त्या विषयावर शेवटपर्यंत नाही. आता मिस्सेत आईविषयी कोणी बोलायचं यावरून घरात वाद पेटलाय. थोरला भाऊ म्हणतो, चर्चबाहेर लग्न केलेलीने वेदीजवळ उभं राहायचं नाही. मला बोलायचा हक्क आहे का? मी लिहून ठेवलेलं भाषण सोबत पाठवते. आठवणीचं कार्डही छापायचंय. कपाट आवरताना बिस्किटांच्या डब्यात, कोणासाठी तरी मिस्सा ठेवताना चर्चला दिलेल्या दानाच्या जुन्या पावत्यांचे गठ्ठे निघाले, काहींवर तर ओळखीची नावंही नाहीत. भाऊ रविवारी ते रद्दीत घालणार आहे, म्हणजे कपाट मोकळं होईल.
– धाकटी, वसई

धाकटे,

तुझं भाषण वाचलं. ‘मायेचा सागर’, ‘त्यागाची मूर्ती’, ‘मेणबत्तीसारखी स्वतः जळून आम्हाला उजेड दिला’. यातलं आईचं नाव खोडून शेजारच्या आजीचं घातलं तरी एक ओळ बदलावी लागणार नाही. तुझी आई यात कुठेच नाही. ती त्या डब्यात आहे आणि तू तिला कंसात टाकल्यासारखं शेवटच्या दोन ओळींत उरकलंस.

हक्काचं आधी संपवते, कारण त्यात फार काही नाही. मिस्सेत वाचन करणं वेगळं आणि दोन शब्द आठवणीचे बोलणं वेगळं. आठवणीचे शब्द कम्युनियननंतरची (ख्रिस्तप्रसाद वाटून झाल्यावरची) प्रार्थना झाल्यावर येतात. परवानगी फादर देतात, थोरला भाऊ नाही. वाचनपीठ शास्त्रवाचन, स्तोत्र, प्रवचन यांसाठी राखलेलं असतं, तेव्हा बाजूच्या माईकवरून बोल. फादरांना दोन आठवडे आधी गाठ, लग्नाचं स्वतःच्या तोंडाने सांग आणि तीन मिनिटं माग. प्रवचनात फादरांनी आईची स्तुती केली नाही म्हणून रुसू नकोस. अंत्यविधीच्या मिस्सेत तर प्रवचनाचं गुणगान होऊ नये असा नियमच आहे, आणि बरेच फादर वर्षाच्या मिस्सेलाही तीच शिस्त पाळतात. म्हणून तर तुझी तीन मिनिटं मोलाची.

आता डबा.

रविवारच्या आत तो तुझ्या घरी आला पाहिजे. पावत्या बांधलेले रबर वितळून कागदाला चिकटले असतील. ते ओढू नकोस, कागद फाटतो. रबर कापून टाक आणि चिकटलेला तुकडा तसाच राहू दे. दमट वाटल्या म्हणून उन्हात घालू नकोस, कार्बनची निळी अक्षरं उडतात. फाटक्या पावतीला सेलोटेप लावू नकोस, पुढे टेप पिवळी पडते आणि शाई घेऊन निघते. कसर लागली असेल तर मऊ ब्रशने झाड. आधी प्रत्येकीचा फोटो काढ, मगच हात लावून वर्गवारी कर.

पावतीवर दोन तारखा असतात. वरची पैसे भरल्याची, आतली मिस्सेची. लावताना आतली धर, नाहीतर 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या सणाची मिस्सा तुला ऑक्टोबरच्या गठ्ठ्यात सापडेल आणि सगळा हिशेब चुकेल. वर्षवार लावून झालं की हेतूचा रकाना बघ आणि तीन ढीग कर: मृतांसाठी, आभाराच्या, विशेष हेतूच्या.

पहिला ढीग सगळ्यांत जाड असणार. वडिलांची पुण्यतिथी, 2 नोव्हेंबर, आजी-आजोबा. त्यात रेंगाळू नकोस, पण 1994-95च्या पावत्यांमध्ये एखादी बाकीच्यांपेक्षा मोठ्या रकमेची आहे का, ते जरूर बघ. ग्रेगोरियन मिस्सा असतील. एकाच मृतासाठी सलग तीस दिवस तीस मिस्सा, दान तीस मिस्सांचं. घरात तीन पोरं, कमावता माणूस नुकताच गेलेला, अशा वेळी एवढे पैसे कोणी आणि कशातून काढले, हे तुझ्या लक्षात येईल. मोगऱ्याचे पैसे उन्हाळ्यात हातात येतात. महिना बघ म्हणजे तिने आधी भरले की उधारीवर, याचाही अंदाज येईल.

देणाऱ्याच्या रकान्याकडेही नीट बघ. विधवा बाईच्या पावत्या पुष्कळदा सुरुवातीला नवऱ्याच्या नाहीतर थोरल्या मुलाच्या नावाने फाटतात, कारण चर्चच्या ऑफिसातला माणूस घरातल्या पुरुषाचं नाव विचारतो. तिचं स्वतःचं नाव कोणत्या वर्षापासून येतं? ते वर्ष भाषणात घे. तुझ्या ‘त्यागाच्या मूर्ती’पेक्षा ते लोकांना जास्त सांगेल.

दुसऱ्या ढिगासाठी घरातली कागदपत्रं काढ: दहावीचे निकाल, नोकरीची पत्रं, हॉस्पिटलचे डिस्चार्ज, विहिरीच्या पंपाचं बिल. तारखा शेजारी ठेव. काहींची कारणं लगेच जुळतील.

तिसरा ढीग जपून. ‘विशेष हेतू’ हे बाई तेव्हाच लिहून घेते, जेव्हा तिला ऑफिसात कारण सांगायचं नसतं. भावाला डबा रद्दीत घालायची एवढी घाई का, याचा मला संशय आहे, पण तो माझ्यापाशी राहू दे. जिवंत माणसाची अडचण ज्या पावतीवर असेल, ती माईकवर वाचायची नाही. भावाची असेल तर मुळीच नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

आणि हो, आई तुझ्याशी बोलत नव्हती ती दोन वर्षं तू शोधणार आहेस, मला माहीत आहे. शोध. तुझं नाव सापडेल असं मी म्हणत नाही. दर महिन्याला एक ‘विशेष हेतू’ सापडेल, किंवा काहीच सापडणार नाही. काही सापडलं नाही तर ‘तिने माफ केलं नाही’ असा अर्थ काढून रडत बसायचं नाही. रोझरी फुकट असते, तिची पावती फाटत नाही. तिने रात्री कोणासाठी मणी ओढले, हे कोणत्याच डब्यात नसतं.

अनोळखी नावांसाठी चर्चच्या ऑफिसात जा. कोणत्या मिस्सा ठेवल्या, कशासाठी, दान किती आणि मिस्सा झाली का, याची वही ठेवणं चर्चच्या कायद्यानेच पॅरिश प्रीस्टवर, म्हणजे त्या चर्चच्या मुख्य फादरांवर, बंधनकारक आहे. जुन्या वह्या कपाटात असतात, महिना-वर्ष सांगितलंस तर शोधणं सोपं. पण वहीत नाव मिळेल, नातं मिळणार नाही. नात्यासाठी आईच्या रोझरीच्या म्हाताऱ्या मैत्रिणींना विचार. एखादी लग्नाआधीची मैत्रीण असेल, दादरच्या बाजारात शेजारी टोपली लावणारी असेल, जन्मतः गेलेलं मूल असेल. शेवटचं असेल तर आधी भावंडांना खासगीत सांग.

या सगळ्यातून तीन पावत्या निवड. प्रत्येकीची तारीख आणि हेतू जसाच्या तसा वाच, त्या दिवशी घरात काय होतं ते दोन-तीन वाक्यांत सांग, पुढे जा. तीनशे शब्दांवर जाऊ नकोस, माईकवर सावकाश बोललं की तेवढ्यात तीन मिनिटं होतात. ‘श्रद्धाळू’ हा शब्द एकदाही नको. मोबाईलवरून वाचू नकोस, डोळे भरले की स्क्रीन दिसत नाही आणि तेवढ्यात ती बंद पडते. मोठ्या अक्षरात कागदावर लिही, एक प्रत मधल्या भावाच्या खिशात ठेव. तू थांबलीस तर त्याने तिथून पुढे वाचायचं, हे आधीच ठरव.

कार्डावरची जन्मतारीख आधारवरून उचलू नका. त्या पिढीतल्या कित्येक बायकांच्या आधारवर 1 जून किंवा 1 जानेवारी लिहिलेलं असतं. आईच्या माहेरच्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला काढ. त्याच नोंदीच्या समासात तिच्या लग्नाची नोंदही असायला हवी, तीही तपासून घे. दाखला मिळायला चार-आठ दिवस लागतात, म्हणजे याच आठवड्यात अर्ज कर. प्रेसवाल्याला प्रूफ दाखवल्याशिवाय छापू देऊ नकोस.

अनोळखी नावांपैकी एखादं दरवर्षी येत असेल, तर त्या माणसाची मिस्सा यंदा राहून गेली आहे. ती तू ठेव. तुझं लग्न कुठे झालं, हे त्यासाठी कोणी विचारत नाही.

आणि भावाशी वाद घालायला फोन उचलू नकोस. वहिनीला कर. कपाटाची किल्ली तिच्याकडेच असणार.