बेल दाबा, खिडकी उजळेल

प्रश्न : गेल्या दिवाळीत सोसायटीच्या पटांगणात जुन्या चाळीचा देखावा केला. 12 खिडक्या, प्रत्येकीमागे 30 दिव्यांची डब्ल्यूएस2812बी पट्टी (हिच्यातल्या प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येतो), ती चालवायला ईएसपी32 हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि कुणी समोर आलं की उजेड पडावा म्हणून हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर. पण खिडक्या आपोआप लागत, माणूस समोर असतानाच विझत. शेवटच्या खिडक्यांतला पांढरा उजेड तांबूस दिसे. यंदा काय बदलावं? – वाचक, डोंबिवली

उत्तर : तांबूस उजेडाचं कारण सरळ हिशेबाचं आहे. पूर्ण पांढऱ्या उजेडाला एक दिवा साधारण 60 मिलिअँपिअर ओढतो; 360 दिव्यांचे झाले 21.6 अँपिअर. पट्टीतल्या पातळ तांब्यातून एवढा करंट एकाच टोकाने सोडला की पुढे व्होल्टेज पडतं. आधी निळा आणि हिरवा मंदावतो, लाल तेवढा उरतो. 5 व्होल्ट 20 अँपिअरचा एसएमपीएस (मेनची वीज 5 व्होल्टवर आणणारा पुरवठा) घ्या, प्रोग्रॅममध्ये उजेड 40 टक्क्यांवर बांधा आणि दर तीन खिडक्यांना दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीने थेट प्लस-मायनस द्या. ईएसपी32चा मायनसही तिथेच जोडलेला हवा. त्याचा पट्टीला जाणारा डेटा सिग्नल 3.3 व्होल्टचा असतो. मधे तो 5 व्होल्टवर नेणारी 74एएचसीटी125 चिप आणि पट्टीच्या तोंडाशी 330 ओहमचा रेझिस्टर नसेल तर दिवे फडफडतात.

पीआयआर सेन्सर मात्र काढूनच टाका. तो माणूस ओळखत नाही, उष्णतेतली हालचाल ओळखतो. गरम वाऱ्याची झुळूक आणि मांजर त्याला सारखीच, आणि स्तब्ध उभा राहिलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच. चाळीच्या दाराला शोभेल अशी गोष्ट म्हणजे बेलचं बटण. ते दाबायचं, हे पोरांना सांगावं लागत नाही.

बटणाला 3.3 व्होल्टच द्यायचे, घरच्या बेलसारखे 230 नव्हेत. लांब वायर आजूबाजूची खरखर ओढते, म्हणून बोर्डाशी 4.7 किलोओहमचा रेझिस्टर 3.3 व्होल्टकडे आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मायनसकडे लावा. ईएसपी32च्या 34 ते 39 या पिनांना आतला पुल-अप (पिन 3.3 व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) नसतो. तिथे हा रेझिस्टर नसेल तर बेल भुताने दाबल्यासारखी वाजते.

खरी गंमत खिडकीच्या स्वभावात आहे. एकीत चोक-स्टार्टरची ट्यूब : दोन्ही टोकं लुकलुकतात, दोनदा झपकन उजेड पडून जातो, मग ट्यूब लागते. दुसरीत पिवळा बल्ब, तिसरीत टीव्हीचा हलता निळा उजेड, कोपऱ्यातल्या देवघरात झिरोचा लाल बल्ब. बटण दाबताक्षणी काहीतरी दिसलंच पाहिजे, अगदी ट्यूबची पहिली लुकलुकसुद्धा चालेल. अर्धा सेकंद काहीच झालं नाही तर मुलं पुन्हा पुन्हा बटण दाबतात, नाहीतर पुढे निघून जातात.

प्रश्न : पट्टीतले दिवे ठिपक्यांसारखे वेगळे दिसतात. – वाचक, सातारा

उत्तर : 3 मिलिमीटरचं दुधी अ‍ॅक्रिलिक पट्टीपासून 6 ते 8 सेंटिमीटर पुढे ठेवा आणि खोक्याला आतून पांढरा रंग द्या. बटर पेपरही चालतो, पण दवाने एका रात्रीत सुरकुततो. एसएमपीएस जमिनीपासून उंच, झाकणाच्या डब्यात ठेवा. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग आणि मेन लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय पोरांना हात लावू देऊ नका.