शिक्के मारण्याआधी

अनेक आशीर्वाद.

मुख्याध्यापकांनी शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांवर वयाचे शिक्के मारायला सांगितलेत, आणि 'बारा प्लस की चौदा प्लस' यात तू अडकलीयस. अगं, आकड्याचं नंतर. आधी मूल बघ, मग पुस्तक.

सात वर्षांच्या पोराच्या हातात कुणी बलात्काराची कादंबरी देत नाही, हे तुला सांगायला नको. लहानांची कपाटं वेगळी ठेव, खुशाल ठेव. त्यांना आपलं पुस्तक चटकन सापडतं. माझं भांडण कुलुपाशी आहे.

अ‍ॅन फ्रँक, नाझींपासून लपून राहिलेली ज्यू मुलगी. तेराव्या वाढदिवसाला तिला डायरी लिहायला वही मिळाली. शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची, तेव्हा ती पंधरा वर्षांची. १९४७ मध्ये डायरी छापताना तिने स्वतःच्या शरीराबद्दल लिहिलेला काही मजकूर गाळला गेला. नंतरच्या आवृत्तीत तो आला, तर त्यावरून काही शाळांनी पुस्तकच मुलांपासून दूर ठेवलं. म्हणजे त्या वयाच्या मुलीने लिहिलेलं त्या वयाच्या मुलींनी वाचायचं नाही! मार बघू यावर शिक्का.

आमच्याकडे एक मुलगी मधल्या सुट्टीत मागच्या रॅकपाशी उभ्याने एकच पुस्तक वाचायची. घरी न्यायची नाही, रजिस्टरला नाव लागू द्यायची नाही. दारुड्या बापाची गोष्ट होती, शिव्या-मारहाणीसकट. 'सोळा प्लस' नक्की बसला असता. ती बारा वर्षांची होती. मी काही विचारलं नाही. एक स्टूल तिथे नेऊन ठेवलं.

पुढे कुणा पालकाची तक्रार आली आणि ते पुस्तक काढायचा तोंडी हुकूम झाला. मी म्हटलं, लेखी द्या. लेखी काही आलं नाही, पुस्तक राहिलं. माझी बढतीही राहिली. हट्टी म्हणाले मला. म्हणोत. त्या मुलीला ते पुस्तक हवं होतं, आणि मला ते दिसत होतं. बाकीच्यांना फक्त पुस्तक दिसत होतं. खंत एवढीच की सगळं माझ्या एकटीच्या हट्टावर चाललं होतं. मी निवृत्त झाले आणि त्या रॅकला दार बसलं.

म्हणून तू नियम लिहून घे. तक्रार लेखी हवी, करणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचलेलं हवं, निर्णय होईपर्यंत पुस्तक रॅकवरच. आईवडील म्हणाले 'आमच्या मुलाला हे देऊ नका', तर ऐक. 'कुणालाच देऊ नका' म्हणाले, तर ऐकू नकोस.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचा हवाला देतील. १९८९ च्या त्या करारातलं कलम १७ मुलांना अपायापासून जपायला सांगतं, खरंय; पण त्याच कलमात त्यांना माहिती मिळाली पाहिजे हेही आहे. तो भाग कुणी वाचून दाखवत नाही. कलम ५ तर मुलाच्या वाढत्या समजेप्रमाणे मार्ग दाखवा म्हणतं. समज मुलागणिक वेगळी. आधी मूल बघ!

'इतक्या मुलांना मी कशी ओळखणार' असं विचारतेस. मग ग्रंथपाल कशाला झालीस? शिक्के शिपाईही मारेल. पुस्तक परत आलं की 'कुठे थांबलास?' एवढं विचारत जा. पोरं आपणहून सांगतात. जड झालेलं पुस्तक मिटूनही टाकतात.

मुख्याध्यापकांकडे जाताना यादी नेऊ नकोस, यादीतली पुस्तकं ने. यातली किती वाचलीत, ते विचार. पण नम्रपणे हं. मला ते कधी जमलं नाही.