पोरगं शिंपी व्हायलंय का?

"मॅडम, दहावीला त्र्याऐंशी टक्के पडलेत अन् आता म्हणायलंय, टेक्स्टाइल डिझाइन घेतो. शिंपी करायचं का पोराला?"

सेलूचे कापूस व्यापारी. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हा प्रश्न. दहावीनंतर काय घ्यावं, याचा सल्ला मी देते; दर जूनमध्ये परभणीतल्या माझ्या खोलीत हा प्रश्न कुणी ना कुणी घेऊन येतंच. मुलीबद्दल असला की सूर जरा मऊ असतो, एवढाच फरक. जन्मभर कापसात हात घातलेला माणूस कापडाला का बिचकतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

शिवणकाम वेगळं, हे वेगळं, असं मी सांगितलं. इथं कापड बेतत नाहीत, कापड घडतं कसं ते शिकतात: ताणा-बाणा म्हणजे उभे-आडवे धागे, वीण, रंगाई, छपाई, चौकटीच्या कागदावर नक्षी मांडणं. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत हा कौशल्य विषय आहे, कोड ८२९. लेखी ६० गुण, प्रात्यक्षिक ४०. पोराच्या शाळेत तो होता.

पण घोळ दुसराच निघाला. ओळखीतल्या कुणीतरी सल्ला दिला होता, "गणित झेपत नाही ना? मग हे घ्या आणि गणित सोडून द्या, सोपं जाईल." कच्च्या पोरांचा विषय, म्हणून वडिलांना कमीपणा वाटत होता. आणि पोराला गणितातून सुटका हवी होती.

तो एवढा वेळ माझ्या टेबलक्लॉथच्या कडेचे धागे मोजत बसला होता. मी चौकटीचा कागद पुढे सरकवला. "एक नक्षी आठ धाग्यांनी परत येते, दुसरी बारा धाग्यांनी. दोन्ही एकत्र सुरू केल्या, तर पुन्हा बरोबर कधी येतील?" त्यानं पेन्सिलीनं चौकटी भरल्या, ओठांत मोजलं, म्हणाला, "चोविसाव्या धाग्यानंतर."

"याला ल.सा.वि. म्हणतात," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला फसवलं.

मग आईनं तक्रार केली. पैठणीचा पदर उलटा करून हा म्हणे, "आई, ही हातमागाची नाही." हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर छोट्या छोट्या तिल्ल्यांवर (रिळांवर) गुंडाळलेल्या रंगीत धाग्यांनी विणतात. रंग बदलतो तिथं धागे एकमेकांत अडकवतात, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो. आईच्या पदराच्या मागं मात्र सुटे धागे लोंबत होते. दुकानदारानं हातमागाची म्हणून दिलेली साडी. दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही.

यानंतर वडिलांना पटवायला मला फार कष्ट पडले नाहीत. निफ्ट (फॅशन तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था) आणि एनआयडी (डिझाइनची राष्ट्रीय संस्था) यांच्या बी.डिझाइन पदवीला बारावीची कोणतीही शाखा चालते, पण निफ्टच्या प्रवेश परीक्षेत आकडेमोड येतेच. आणि उद्या नक्षीपेक्षा यंत्रातच जीव रमला, तर नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेत टेक्स्टाइलचं बी.टेक. आहे; तिथं भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच. म्हणजे हा विषय घ्यावा, पण गणित सोडण्यासाठी घेऊ नये. राज्य मंडळाच्या मुलांनी हा विषय नाही म्हणून हळहळू नये, बी.डिझाइनसाठी तो अकरावी-बारावीला असावाच लागत नाही. चित्रकलेचा हात तेवढा चालू ठेवावा.

"पगाराचं काय?" हे वडिलांनी विचारलंच. खोटा आकडा मी सांगितला नाही. पैठणच्या मागांवर आणि छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू कापड विणणाऱ्यांकडे पोराला एकदा घेऊन जा, पुढचं बोलणं तिकडून आल्यावर, एवढंच म्हटलं. ते गेले. हिमरूत ताणा सुती आणि बाणा रेशमी, हे परतल्यावर वडीलच मला समजावत होते.

पोरानं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, इंग्रजी आणि पाचवा विषय टेक्स्टाइल डिझाइन असं घेतलं. गणिताची शिकवणी लावली आहे, कुरकुरत जातो. परवा आईचा फोन आला. मावसबहिणीच्या लग्नात त्यानं आत्याचाही पदर उलटून पाहिला. आत्या अजून फुगलेली आहे.